मागची सीट

‘आता जे सांगतो ते तुला पटायचं न्हाई,’ मी म्हणालो. ‘वाशीत आजपतुर एकाला पटलेलं न्हाई. पण ही समोर उभी हाय ना, हीच ती गाडी. हिच्यावर मागं बसून माझी बायकू कस्तुरा सोनारीला जाऊन आली. जाऊन आली, आन् मगच गेली.’

धाराशिवकडच्या आमच्या वाशीत महांतप्पाच्या गॅरेजसमोर लिंबाखाली एक बाकडं आहे. त्यावर आम्ही तिघं बसलो होतो. मी, रिटायर झालेला कंडक्टर योगीराज आणि हर्षाली म्हणून एक पोरगी. पंचायत समितीत नवीन लागलेली, लातूरकडची. तिच्या स्कूटीचं चाक पंक्चर झालं होतं. महांतप्पा आतली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होता. तो पंचवीस शब्दांचं काम दोन शब्दांत करणारा माणूस. बाकीचे माझ्या वाट्याला आलेत.

नवीन माणूस दिसलं की मला गोष्ट सुचते. जुन्या लोकांना माझ्या गोष्टी पाठ आहेत, आणि पाठ झालेली गोष्ट ऐकताना माणसं मोबाइल बघतात.

पोरीनं गाडीकडे बघितलं. एम-एटी, जुन्या काळची फटफटी. लालभडक टाकी, पुढचा दिवा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, मागच्या सीटला बिबट्याच्या ठिपक्यांचं रेग्झिन आणि त्यावर दुकानातून आलं तसंच प्लॅस्टिक.

‘आजोबा, ही अजून चालते?’

‘चालती म्हंजे? टाकीत पेट्रोल न्हाई, नुसता वास राहिला तरी चौसाळ्यापतुर जाती.’

‘सकाळी तर ढकलत आणलीस,’ योगीराज म्हणाला. ‘म्या ओट्यावर व्हतो.’

‘ती फिरायला निघालती. म्या सोबतीला व्हतो.’

पोरगी हसली. हसणारं माणूस बसून राहतं. मी बाकड्यावर पाय वर घेतले.

आमची खव्याची भट्टी होती. आमच्या भागात घरटी भट्टी आणि भट्टीमागं एक बाई, असा हिशेब. कढईत दूध आटत असतं तोवर हात थांबवता येत नाही; थांबला की खाली लागतं आणि सगळा घाणा करपट होतो. कस्तुरा पहाटे उलथणं हातात घ्यायची. मग धूर, जाळ आणि ती. तयार खवा पाट्यांत भरून बाजाराला न्यायचं काम माझं. त्यासाठी ही गाडी घेतली. शोरूममधून आणली तेव्हा मागं छान काळी सीट होती. त्याच आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडं नेऊन ती काढून टाकली आणि तिथं लोखंडी पिंजरा बसवला. दोन पाट्या खाली, दोन वर. सीट माळ्यावर गेली. पुढं उंदरांनी तिच्यात संसार केला.

कस्तुरानं तेव्हा विचारलं होतं, ‘आन् म्या कुठं बसू?’

मी म्हणालो होतो, ‘तुला कुठं जायचंय?’

तशी ती जायची. माहेराला, लग्नाकार्याला, चैत्रात सोनारीला भैरवनाथाच्या जत्रेला. पण जायची एसटीनं. जत्रेत पेढेवाल्यांना खवा लागतोच, म्हणून मीही त्याच दिवशी त्याच सोनारीला जायचो. खवा माझ्या मागं बसून जायचा आणि बायको योगीराजच्या गाडीतून.

‘दाराजवळची शीट धरायची,’ योगीराज म्हणाला. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. ‘म्या म्हणायचो, वैनी, पुढं बसा, हितं धूळ येती. तर न्हाई. खिडकीतनं वाकून बघायची, ह्याची गाडी पुढं गेली का मागं राहिली. भूमचं स्टँड आलं की मलाच इचारायची, आमचं माणूस दिसलं का वं?’

‘आन् दिसायचं का?’ मी म्हणालो. ‘तुझी यष्टी तवर निम्म्या रस्त्यात तापलेली असायची.’

‘गप की.’

भट्टी बंद झाली, कारण दूध डेअरीला जायला लागलं. गाडी गोठ्यामागं गेली. पिंजऱ्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. कस्तुराला खोकला राहिला. धाराशिवच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून बघितला आणि विचारलं, बाई विडी ओढतात काय. मी म्हणालो, न्हाई साहेब, तिनं आयुष्यभर खवा ओढला.

‘खरंच असं म्हणालात?’ पोरीनं विचारलं.

‘त्ये खरं म्हणाला,’ योगीराज म्हणाला. ‘म्या संगं व्हतो.’

दवाखान्यातून घरी आणली, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या तिनं एकच मागणं मागितलं. आयुष्यात साडी मागितली नाही, बांगडी मागितली नाही. म्हणाली, ‘एक डाव मला गाडीवर मागं बसवून सोनारीला न्या. यष्टीनं न्हाई. तुमच्या मागं.’

मी पुण्याला बालाजीला फोन लावला. बालाजी म्हणजे आमचा एकुलता एक. त्याच्याकडं चारचाकी आहे, एसीची. तो म्हणाला, ‘आबा, ते भंगार देऊन टाका. मी येतो गाडी घेऊन. आईला झोपवून नेऊ.’ तो दिवाळीला निघणार होता. मग संक्रांतीला निघणार होता. माझा पोरगा अजून निघतोच आहे. पुण्याहून वाशीला यायला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि लोक मला लांबण लावणारा म्हणतात.

मग गाडी इथं आणली. महांतप्पानं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘पार्ट मिळत न्हाईत.’ दुसऱ्या फेरीला म्हणाला, ‘बघू.’

सरकारच्या निराधार योजनेचा पगार आला की एक पार्ट, असं आमचं चाललं. पिस्टन बार्शीच्या भंगारबाजारातून आला. कार्बोरेटर माकणीच्या एका दूधवाल्याच्या मेलेल्या गाडीतून काढला. महांतप्पानं मजुरीचं नाव काढलं नाही. पगार उशिरा आला की तो महिना नुसता धूळ झाडण्यात जायचा. घरी गेलो की कस्तुरा विचारायची, ‘आज काय बसलं?’ मी सांगायचो, आज क्लच बसला, आज टायर बसले. ती डोळे मिटून ऐकायची. तिला क्लच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण एखाद्या दिवशी मी विसरलो तर हाताला धरून विचारायची.

‘मग ह्यानं काय केलं,’ योगीराज पोरीला म्हणाला, ‘इंजिन झाल्यावर सीट करायची सोडून रंगाला पैसे घातले.’

‘गंजक्या गाडीवर बसवू का तिला?’ मी म्हणालो. ‘एवढ्या वर्षांनी बसायची, ती काय कोंबड्यांच्या खुराड्यावर?’

तिकडं महांतप्पानं ट्यूबवर घासायचा कागद फिरवायला सुरुवात केली होती. खसखस, खसखस.

‘मग गेलात कधी?’ पोरीनं विचारलं.

आता माझी गाडी उताराला लागली.

‘चैतात. दुसऱ्या कुठल्या महिन्यात जाणार? सकाळी दारात गाडी लावली. एका किकमधी चालू. आख्खी गल्ली बाहेर. कस्तुरानं हिरवं लुगडं नेसलेलं, मांडीवर नारळाची पिशवी. एका बाजूला पाय सोडून बसली. म्या म्हणलं, धर मला. तर म्हणती, लोक बघतेत. म्हणलं, बघू दे की, तुझाच नवरा हाय.’

‘आन् निघाली म्हणं गाडी,’ योगीराज म्हणाला.

‘निघाली म्हंजे? भूमच्या अलीकडं परंड्याची यष्टी पुढं दिसली. म्या हॉर्न दिला. कंडक्टर दारात येऊन बघतोय, ड्रायव्हर आरशात बघतोय. कस्तुरानं नुसता पदर सावरला अन् आमी पुढं. तिनं वळून खिडक्यांकडं बघितलं. इतकी वर्षं आतनं बाहेर बघितलेलं, त्या दिवशी बाहेरनं आत बघितलं.’

योगीराजनं खिशातून तंबाखूची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली.

‘पण भूम सोडलं आन् इंजिन खडखड कराया लागलं,’ मी म्हणालो. ‘ह्या गाडीला पेट्रोलमधी ऑइल मिसळावं लागतंय, पोरी. तुमच्या गाडीसारखं नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन जाम. आन् ऑइल तर संपलेलं. आता उन्हात काय करावं? तर कस्तुराच्या पिशवीत देवाच्या दिव्याला तूप व्हतं. खवा आटवणाऱ्या तिच्याच हाताचं. घातलं टाकीत.’

‘तूप?’

‘पावशेर. गाडी अशी पळाया लागली की बास. आन् सायलेन्सरमधनं धूर कसला? पेढ्याचा वास. मागं पोरं पळतेत, पोरांमागं कुत्री. एका वस्तीवरची म्हातारी हात करून इचारती, कंच्या गावचं लगीन हाय वं?’

पोरगी आता तोंडावर हात धरून हसत होती. मला अजून चेव आला.

‘सोनारीत माकडं लई. देवळासमोर गाडी लावली, तर एक हुप्प्या आला आन् पुढच्या सीटवर बसला, म्या बसतो तसा. हँडल धरून. कस्तुरा मागं बसलेलीच. म्या म्हणलं, उतर आता. तर म्हणती, ऱ्हाऊ द्या, ह्यो तुमच्यापरास नीट बसतोय.’

योगीराजसुद्धा हसला. ‘ही वैनीचीच बोली हाय,’ तो म्हणाला.

‘दर्शन झालं?’ पोरीनं विचारलं.

‘लाइन एवढी मोठी. पण तिला धाप लागलेली बघून लोकांनीच वाट दिली. नारळ फोडला. पायरीवर बसून पेढा खाल्ला. अर्धा. तोंडात धरला आन् म्हणाली, खवा जरा कमी आटलाय.’

‘मग येताना? काही बोलल्या का आजी?’

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. लोक माकडापाशीच थांबतात.

‘बोलली,’ मी म्हणालो. ‘पाठीला डोकं टेकून बसलती. म्हणाली, हळू चालवा. आता कुठं पाट्या पोचवायच्यात?’

पोरगी हसली नाही. तिनं हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला, उठून गाडीजवळ गेली आणि मागच्या सीटवर हात ठेवला. प्लॅस्टिक चुरचुरलं.

‘मग हे प्लॅस्टिक कसं काय राहिलं, आजोबा?’

योगीराजनं माझ्याकडं बघितलं. घासायच्या कागदाचा आवाज थांबला होता.

‘बसली तरी त्याला वळी पडली न्हाई,’ मी म्हणालो. ‘एवढी हलकी झालती.’

इथं थांबायचं होतं. गोष्ट कुठं सोडावी हे मला कळतं. सगळ्या वाशीत मलाच कळतं. पण ती पोरगी तशीच हात ठेवून उभी होती, खरं मानून उभी होती. असं ऐकणारं माणूस मला वर्षभरात मिळालं नव्हतं. आणि तिनंच पुढचं विचारलं.

‘पण साडीगार्ड नाही हिला. पदर नाही अडकला चाकात? माझी आई तर साडीगार्डशिवाय कुणाच्या गाडीवर बसत नाही.’

‘व्हता की गार्ड,’ मी म्हणालो. ‘नवा करून घेतलेला. पण महांतप्पाचं काम. ढिलं. भूमपतुर नुसता खडाखडा वाजत व्हता. आन् येताना तर काय झालं, त्याचा एक बोल्ट निघाला, गार्ड वाकला आन् पदर चाकात. जरा कमी-जास्त झालं असतं तर बाई खाली आली असती. म्या तिथंच गाडी थांबवली, त्यो गार्ड उपटला आन् दिला ओढ्यात भिरकावून. म्हणलं, असल्या कामापरास नसलेला बरा.’

महांतप्पानं ट्यूब खाली ठेवली.

तो उठला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं करून, जेवायला बसताना पुसतात तसे. मग आत गेला. आत भिंतीला खिळे आहेत, खिळ्यांना जुनी चाकं, जुन्या केबली, लोकांनी न्यायच्या विसरलेल्या वस्तू. तिथून त्यानं काहीतरी काढलं आणि फडक्यानं झटकत बाहेर आणलं. धुळीखालून काळा रंग निघाला, चकचकीत, कुठं ओरखडा नाही. सळयांची लहानशी जाळी. खालच्या बाजूला पाय ठेवायला पट्टी, आणि पट्टीवर रबर. रबर महांतप्पानं आपल्या मनानं बसवलं होतं. म्हणाला होता, काकूंच्या पायाला लोखंड गार लागंल.

ती जाळी त्यानं गाडीच्या डाव्या बाजूला, सीटखाली धरून बघितली. तंतोतंत बसत होती.

‘ढिला न्हवता, आण्णा,’ तो म्हणाला. ‘माझं काम ढिलं नसतंय. ह्याला अजून बोल्टच लागला न्हाई. सीट बसवली आन् ह्याला भोकं पाडाया घेतली, तवाच तुमच्या घरनं फोन आला. तुम्ही गाडी तशीच ढकलत नेली. काकू ह्या सीटवर बसल्याच न्हाईत.’