छपरातून पाझरणारं आकाश

“पडला! पडला!” गल्लीतला बँकेचा कॅशियर किंचाळला आणि दोन्ही हातांनी आपलं टक्कल झाकून मटकन खाली बसला.

बाहेर कोरडी, हाडं गोठवणारी थंडी होती. आभाळ निळंशार, ढगाचा मागमूस नाही. आणि तरी वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत, उतरत्या छपरात बसवलेल्या काचेवरून पाण्याचे थेंब टपकत होते. खोली माणसांनी खचाखच भरली होती. माना वर, तोंडं उघडी. कुणी ओंजळ धरली होती, कुणी वाटी. एका आजोबांनी तर चष्माच काढून उताणा धरला होता.

“ढगातून पडतं ते पाणी!” आकाशबुवा गरजले. “बिनढगाची पडते ती कृपा! तुमचा नाद जेवढा मोठा, तेवढी कृपा मोठी. चला, पोटातून... हाऽऽ!”

“हाऽऽ!” अख्खी खोली म्हणाली.

“खिडकी कुणी उघडली? लावा, लावा! कृपा बाहेर जाते!”

दारात त्या घराची सून उभी होती. ती दातांची डॉक्टर. लोकांना ‘आऽऽ करा’ म्हणून सांगण्यातच तिचा दिवस जायचा. पण एवढी उघडी तोंडं एका खोलीत, तीही फुकटात, तिनं कधी पाहिली नव्हती. तिला हसू फुटत होतं, पण वर पाहिलं की हसणं सुचत नव्हतं. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला होता, आणि तिच्या खाली बरोबर मधोमध लोक बसले होते.

या काचेचं दुखणं जुनं होतं. मागेच काचवाला येऊन पाहून गेला होता. “कडेचं रबर गेलंय,” तो म्हणाला होता. “आत्ता केलंत तर रबर आणि बाहेरची काच, एवढ्यावर भागेल. थांबलात तर चौकट कुजेल. मग सगळंच नवं, आणि वर छपराची डागडुजी.” मग त्यानं आकडा सांगितला. सासरे खुर्चीत ताठ झाले. “अरे, एवढ्यात तर मी बिनछपराचा राहीन!” असं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पुढे थंडी पडली. एका सकाळी सासूबाईंच्या मैत्रिणी गाण्याच्या तालमीला त्या खोलीत जमल्या, आणि ऐन रंगात आलेल्या गाण्यावर वरून थेंब पडला. बातमी गल्लीभर झाली. बातमीच्या मागोमाग आकाशबुवा आले. त्यांनी काच पाहिली, डोळे मिटले आणि निकाल दिला, “या काचेला हात लावाल तर घर बुडेल.” खर्च वाचवायला यापेक्षा भक्कम कारण सासऱ्यांना कुठून मिळणार? कोपऱ्यात बुवांची पेटी आली, ‘आकाशनिधी’ लिहिलेली. ती रोज भरायची आणि रोज बुवांबरोबर घरी जायची.

सुनेनं पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी गर्दी पांगताना शेजारच्या शिवणकाकू तिच्यासमोर आल्या. त्यांच्या हातात छोटी बाटली होती.

“काकू, हे काय?”

“कृपेचं पाणी गं. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत घालते.”

“आणि डॉक्टरांचे थेंब? डोळ्यांतला दाब वाढलाय ना तुमच्या?”

“ते बंद केले. बुवा म्हणाले, दोन दरबारांत एकदम अर्ज करायचा नाही.”

“आता दिसतं कसं?”

काकू जरा घुटमळल्या. “सुईत दोरा ओवताना कडेचं जरा... पण बुवा म्हणाले, आधी अंधारतं, मग उजळतं.”

सुनेचं हसू तिथल्या तिथे विरलं. ती तडक सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. “बाबा, उद्याची सकाळ मला द्या. मी चुकले तर पुन्हा या काचेचं नाव काढणार नाही.”

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “काच फोडणार नाहीस ना?”

“हातसुद्धा लावणार नाही. फक्त पुसणार.”

दुसऱ्या दिवशी गर्दी जमली. सून शिडीवर चढली आणि सगळ्यांदेखत कोरड्या फडक्यानं काच लख्ख पुसून खाली उतरली.

“बुवा, एक विचारू? कृपा आकाशातून येते ना?”

“अर्थात!”

“आणि आकाश बाहेर आहे?”

बुवांना हा प्रश्न आवडला नाही. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “बाहेरच आहे की!”

“मग खिडक्या उघड्या असल्या तर उलट सोपं जाईल तिला.” आणि बुवा तोंड उघडायच्या आत तिनं दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

बोचरा वारा आत घुसला. “हाऽऽ!” बुवांनी सुरुवात केली. लोकही शाली गुंडाळून ओरडू लागले. घसे बसले, दात कडकड वाजू लागले, पण थेंबाचा पत्ता नाही.

“आज इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे!” बुवा कडाडले.

“आहे ना, माझ्याच,” सून म्हणाली. “म्हणून मी बाहेर जाते. तुम्हीही चला, सगळेच चला. बुवा, आपण नसताना कृपा होईल?”

“माझ्या नादावाचून एक थेंब पडला, तर मी आल्या पावली चालता होईन!”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?”

तिनं खिडक्या लावल्या, काच पुन्हा पुसली, शेगडी पेटवून तिच्यावर पाण्याचं मोठं पातेलं ठेवलं आणि दार ओढून घेतलं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती. लोक जिन्यात दाटीवाटीनं उभे राहिले. कॅशियरनं नाक दाराला चिकटवलं.

पाणी उकळू लागलं. वाफ छपराकडे निघाली.

“काच धूसर झाली,” कॅशियर सांगू लागला, रेडिओवर सामन्याचं वर्णन चालावं तसा. “आता बारीक बारीक दाणे... दाणे एकमेकांत मिसळताहेत... एक मोठा झालाय... घरंगळला... पडला! अहो, पडला!”

“पातेल्याची भक्ती मोठी दिसते,” आजोबा म्हणाले, आणि जिना हसण्यानं दणाणला.

सुनेनं खिशातून दात तपासायचा चिमुकला आरसा काढून शिवणकाकूंच्या तोंडासमोर धरला. “काकू, हाऽऽ करा.”

आरसा पांढुरका झाला.

“हे पाणी आरशातून आलं? नाही, तुमच्या श्वासातून. श्वासात वाफ असते. गार काचेला लागली की तिचं पाणी होतं. आपल्या छपरातली काच दुहेरी आहे. दोन काचांमधल्या कोंडलेल्या हवेमुळे आतली काच उबदार राहायची. आता बाहेरची तडकलीय, कडेनं गार वारा आत शिरतो, त्यामुळे आतली बर्फासारखी पडते. खाली इतकी माणसं, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि बुवा सांगतात हाऽऽ करा. चष्मा पुसताना आपण वेगळं काय करतो?”

आजोबांनी गंभीरपणे चष्म्यावर हाऽऽ केलं, पाहिलं आणि मान डोलावली.

“म्हणजे मी रोज वाटीतून प्यायलो ते...” कॅशियरचा चेहरा उतरला. त्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी आठवडाभर सर्दीनं शिंकत होता.

“ते सगळ्यांचं मिळून होतं,” सून म्हणाली. “आणि काकू ते डोळ्यांत घालताहेत, औषध बंद करून.”

हसणं थांबलं. काकूंनी बाटलीकडे पाहिलं, मग बुवांकडे. “खिडक्या बंद ठेवायला तुम्हीच सांगायचात,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“विज्ञान जिथे संपतं तिथे...” बुवांनी सुरुवात केली.

“तिथे जिना सुरू होतो,” सासरे म्हणाले. “शब्द दिलाय तुम्ही. उतरा. पेटी इथेच राहू द्या, ज्याचं त्याला परत जाईल.”

बुवा उतरले. सून काकूंना घेऊन तशीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. कडेची गेलेली नजर परत येणार नव्हती, पण उरलेली वाचली. थोडा आणखी उशीर झाला असता, तर तीही हाती लागली नसती.

काचवाला आला. त्यानं चौकटीत पेचकस टेकवला, तर तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. “ही एखाद्या दिवशी काचेसकट खाली आली असती,” तो म्हणाला. आता सगळंच नवं घालावं लागणार होतं, खर्च पहिल्या आकड्याच्या कितीतरी वर. सासऱ्यांनी या वेळी घासाघीस केली नाही. “भीतीपोटी नाही, कंजुषीपोटी गप्प बसलो मी,” ते सुनेला म्हणाले. “मला ते खोटं सोयीचं होतं.”

आणि बुवांचं खरं भांडवल हेच असतं. कुणाला दुखणं असतं, कुणाला खर्च टाळायचा असतो, कुणाला नुसती गंमत हवी असते. चमत्कार प्रत्येकाला त्याच्या मापाचा मिळतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी अद्भुत दाखवलं, तर भांडू नका, हात जोडायचीही घाई करू नका. त्या माणसाला जरा बाहेर बसवा, खिडक्या उघडा आणि तीच गोष्ट पुन्हा करून पाहा. खरी असेल तर ती तेवढ्यानं बिघडणार नाही. आणि औषध मात्र एक दिवसही चुकवू नका.