डबा काय म्हणतो

हालवरने उजव्या हाताचा रबरी मोजा दाताने ओढून काढला, तोंडात तसाच धरला आणि मोबाइल डोळ्यांसमोर आणला. सकाळपासून मेलेल्या माशासारखी सपाट पडलेली हिरवी रेघ अचानक खाली कोसळली होती. मग उसळली, पुन्हा कोसळली. तेवढ्यात समोरच्या सरकत्या पट्ट्यावरून दोन कॉड मासे मुंडकी न कापताच पुढे निघून गेले.

फोन वाजलाच. बेरित. पर्यटकांना ध्रुवीय प्रकाश दाखवायला नेणारी गावातली एकमेव बस तिची होती.

"काय म्हणतोय तुझा डबा?"

हालवरने मोजा थुंकला. "आलं म्हणतोय."

"मागच्या बुधवारीही हेच म्हणाला होता. त्याच्या आधीही. दोन्ही वेळा मी बसभर माणसं घाटापलीकडे नेऊन काळ्या आभाळाखाली उभी केली. एकाने लिहिलंय, 'अंधार उत्तम प्रतीचा होता.'"

"परवा सूर्यावर मोठा स्फोट झालाय, बेरित. त्याचा झोत आज कधीही पोहोचेल."

"कधीही म्हणजे आत्ता की उद्या सकाळी? मी फाटकापाशी उभी आहे. तीनचा ताफा अजून सुटला नाही, कारण नांगरवाला कुठे तडमडलाय कुणास ठाऊक. तो आला की मला रांगेत शिरायचं की मागे वळायचं ते ठरवावं लागेल."

वारा सुटला की घाटाचं फाटक बंद व्हायचं. मग बर्फ सारणारा नांगर पुढे आणि गाड्यांची रांग मागे, असाच घाट ओलांडता यायचा. आज पलीकडे जाणारा हा शेवटचा ताफा होता. फाटकाच्या अलीकडे ढग होते, पलीकडे आकाश मोकळं होतं.

"आणि ऐक," बेरित म्हणाली, "आजही फुसका निघाला ना, तर उद्यापासून मी शहरातल्या कंपनीचा अंदाज घेणार. तुला फोन करायची भानगडच नको."

ती धंद्याचं बोलत होती. पण दिवसभरात हालवरला येणारा तो एकच फोन होता.

"दहा मिनिटं दे. घरी जाऊन डबा बघतो."

शेजारच्या बाईला 'आलोच' म्हणून तो मासळीच्या कारखान्यातून तसाच रबरी एप्रनमध्ये चढणीला लागला. दुपार होती आणि बाहेर काळोख होता. ज्या गावात दोन महिने सूर्य उगवत नाही, तिथे राहून हालवर त्या सूर्यावर पाळत ठेवत असे, आणि यात त्याला स्वतःला काही विचित्र वाटत नसे. अंगणातल्या होडीच्या शेडमागे त्याने प्लास्टिकच्या नळीत तारेचं वेटोळं पुरलं होतं, आणि त्याला जोडलेला शेडमधला डबा मोबाइलवर रेघ पाठवायचा. सूर्याकडचा झोत येऊन धडकला की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरायचं, डब्याला ते कळायचं, आणि थोड्याच वेळात आकाश पेटायचं. निदान गेली चार वर्षं तरी पेटत होतं.

मग या हिवाळ्यात दोनदा दगा झाला. त्याने बॅटरी बदलली, तार नव्याने गुंडाळली, उंदरांवर संशय घेतला. दोन्ही वेळा आदल्या रात्री बर्फ पडलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते एवढंच की संध्याकाळी घरी यावं तर अंगण लख्ख साफ. त्याने सबंध गावात नगरपालिकेचं कौतुक केलं. आभार मानायला तिथे फोनही केला. "आम्ही तुमच्याकडे येतच नाही," असं तिथली मुलगी म्हणाली. हालवरला तो तिचा विनय वाटला.

वळण घेताच त्याला नारिंगी दिवा गरगरताना दिसला.

शेडला अगदी खेटून, पुरलेल्या नळीपासून चार पावलांवर, घाटातला तो अवजड पिवळा नांगर पुढेमागे करत होता. पातं खाली आलं की बर्फ बाजूला जायचं आणि हालवरच्या हातातल्या मोबाइलवर सौर वादळ व्हायचं. पातं वर. वादळ ओसरलं. पातं खाली. पुन्हा वादळ.

चालकाच्या जागी तर्ये होता. हालवरचा थोरला भाऊ.

सहा वर्षांपूर्वी एका तुफानाच्या आधी वडिलांची होडी वर ओढायची राहून गेली. पाळी आज याची, असं दोघांनाही दुसऱ्याबद्दल वाटलं. होडी बुडाली आणि बोलणं थांबलं. एका दुकानाच्या गावात न बोलता राहणं कष्टाचं असतं. एक दुधापाशी असला की दुसऱ्याने पावाची किंमत पुन्हा पुन्हा वाचत उभं राहायचं. दोघांनीही ते नेटाने निभावलं होतं.

हालवरचा अंगठा बेरितच्या नावावर थांबला. मागे वळ, एवढंच सांगायचं होतं. सूर्याने काहीच केलेलं नव्हतं. अंगठा तसाच ठेवून त्याने दुसरा हात हवेत हलवला.

"इंजिन बंद कर!"

काच खाली आली. "काय?"

"बंद कर. आणि हलू नकोस."

सहा वर्षांनी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि तर्येने ते निमूट ऐकलं. दोन्ही हात चाकावर ठेवून पोलिसाने अडवल्यासारखा तो बसून राहिला. रेघ सपाट झाली.

"निघतच होतो मी," तर्ये म्हणाला. "तू सहाला येतोस. आज लवकर कसा?"

"गप्प बस जरा."

केबिनमधला रेडिओ खरखरला. "तर्ये, कुठे मेलास? इथे रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेलीय!"

"लोक खोळंबलेत. जाऊ दे मला."

"एक मिनिट."

"माझ्या श्वासानेही बिघडतं का तुझं?"

"नांगराने बिघडतं. अख्खा हिवाळा तू माझं यंत्र नासवलंस."

तर्येने खिडकीतून वाकून पात्याकडे पाहिलं, जणू त्यानेच खुलासा करावा. "तुझी पाठ धरलीय असं दुकानात ऐकलं. फावडं मारवत नसेल म्हटलं."

"मग सांगायचं ना तसं."

"कुणाला?"

रेडिओने तर्येला आणखी दोन शिव्या घातल्या. वरती ढगाचं झाकण तसंच घट्ट होतं.

आणि रेघ हलली.

आधी केसभर. मग ती खाली जाऊ लागली. नांगराने हलायची तशी धसमुसळी नाही. ओहोटीचं पाणी उतरावं तशी, सावकाश, न थांबता. हालवरने नांगराकडे पाहिलं. इंजिन बंद. पातं जागच्या जागी. तर्ये तर खरंच श्वास धरून बसला होता.

"सोड आता श्वास," हालवर म्हणाला आणि नांगराला वळसा घालून दुसऱ्या दाराशी गेला. दार गोठलं होतं. तर्येने आतून लाथ घातली तेव्हा ते उघडलं. सीटवर थर्मास आणि कागदात गुंडाळलेलं वॉफल होतं; तर्येने दोन्ही उचलून मांडीवर घेतलं.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत केबिनभर हालवरच्या एप्रनचा मासळीचा वास पसरला.

"दिसेल का पलीकडे काही?" अखेर तर्येने विचारलं.

"नाही दिसलं तर अंधार आहे. उत्तम प्रतीचा असतो म्हणे."

तर्येने मान डोलावली. पुढे फाटकापाशी मागच्या दिव्यांची लांबलचक लाल रांग दिसू लागली, आणि फोन वाजला.

"नांगर येतोय," बेरित म्हणाली. "पटकन बोल. जाऊ?"

"जा."

"खात्री आहे?"

हालवरने रेघ पाहिली. त्यांनी अंगण सोडलं तेव्हा ती एकदा दचकली होती, आणि मग पुन्हा उतरतच राहिली होती. मांडीवरचं वॉफल तर्येने न विचारता मधोमध मोडलं आणि अर्धं त्याच्यापुढे धरलं.

"आहे."

"कशावरून?"

"घरी डब्याजवळ आता कुणी नाही," हालवर म्हणाला.