दोन दारांचं एक हँडल

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बसस्थानकावर गाड्या पुकारायची. भोंग्यातून तिचा आवाज आला की लोक अर्धा चहा टाकून पळत सुटायचे. त्या आवाजापायीच ती मुलांच्या बेसबॉलची अंपायर झाली. तिचा मुलगा खेळत होता त्या काळात एकदा नेमलेला अंपायर आलाच नाही, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अक्कांना उभं करा. निदान निकाल ऐकू तरी येईल." पुढे मुलगा मोठा झाला, खेळ सुटला, नोकरीसाठी परगावी गेला. अक्का मात्र तिथेच उभी. दर वर्षी ती "आता पुरे" म्हणायची आणि दर वर्षी स्पर्धेचे चिटणीस हात जोडून दारात हजर.

"अक्का, तुम्ही नाही म्हणालात तर स्पर्धा बंद पडेल हो. दुसरं कोण आहे?"

दुसरं कोण होतं, ते मी पाहिलेलं आहे. एक सलूनवाले होते, त्यांना संध्याकाळी दुकान उघडायची घाई असली की पडेल तो चेंडू स्ट्राइक, म्हणजे बॅटर लवकर बाद. एक जण खेळणाऱ्या पोराचा सख्खा काका, आणि ते लपवायचा त्याला इतका ध्यास की पुतण्याला तो उगीचच बाद द्यायचा. तिसरा कॉलेजातला पोरगा, त्याचं नाव आम्ही 'बघतो' पाडलं होतं. धावणारा सेफ की आऊट, असं विचारलं की तो म्हणायचा, "बघतो." तोवर पुढचा चेंडू पडायचा.

मैदानही तसंच. प्रेक्षकांसमोरच्या जाळीला भोकं, आणि ती सुतळीने बांधलेली. सावली नावाला नाही. बॅटरच्या पुढ्यात जी होम प्लेट असते, जिच्यावर पाय पडला की धाव मिळते, ती रबराची प्लेट केव्हाच फाटून गेली होती. एका पालकाने फळीचा पाचकोनी तुकडा कापून जमिनीत बसवला. त्याला सगळे पाटच म्हणायचे.

आणि मागे ती खोली. शेजारी शेजारी दोन दारं, एक अंपायरच्या खोलीचं, एक संडासाचं. दोन्ही कुलपांची हँडलं निखळून पडलेली, आणि दोघांत मिळून एकच हँडल शिल्लक. ते चौकोनी भोकात खुपसायचं, फिरवायचं, दार उघडलं की काढून बरोबर न्यायचं. दारांना स्प्रिंग होती, ती आपोआप धाडकन बंद व्हायची. म्हणजे शेजारी कुणी गेलं की खोलीतला माणूस अडकला. शेजारचा मोकळा होऊन परत येईपर्यंत वाट बघायची. बाहेरची माणसं हसायची. आम्हाला सवय होती. अक्का नवीन अंपायरला आधी ते हँडल दाखवायची, नियम नंतर.

मी तिची कायमची सोबतीण. थर्मास, टॉवेल, चेंडू लागू नये म्हणून ती छातीला बांधायची त्या गादीचे उसवलेले पट्टे शिवायला सुईदोरा, हे माझं सामान. जाळीमागे बसायचं आणि घरी परतताना तिची बडबड ऐकायची.

त्या दिवशी बारा वर्षांखालच्या पोरांचा उपांत्य सामना होता आणि लगेच पाठोपाठ अंतिम. कुणी मोठे पाहुणे बक्षीस द्यायला येणार म्हणून चिटणिसांची नुसती धावपळ. शेवटच्या डावाआधी त्यांनी मैदानवाल्याला पाट रंगवायला पिटाळलं. पांढरा रंग संपलेला, म्हणून त्याने संडासाच्या दाराचा उरलेला निळा रंग फासला.

"अहो, हे काय?" अक्का म्हणाली. "पोरांनी धावत सुटून संडासात जायचंय का?"

"वाळेल अक्का, वाळेल," मैदानवाला म्हणाला. वाळणं आणि निळा असणं यांचा काय संबंध, ते त्यालाच ठाऊक.

शेवटच्या डावात एक संघ एका धावेने मागे होता, आणि त्यांचा आणखी एक आऊट झाला की सामना संपणार होता. तिसऱ्या बेसवर, म्हणजे पाटाच्या आधीच्या टप्प्यावर, त्यांची एक मुलगी उभी होती, नुसते हातपाय, सगळे तिला टोळ म्हणायचे. बॅटरने चेंडू मारला, टोळ सुटली. ती पाय पुढे टाकून घसरत आली, पाटामागचा कॅचर तिला आधीच चेंडू लावून बाद करायला पाटासमोर आडवा झाला, धुळीचा लोट उठला आणि दोघं त्यात गडप. धूळ खाली बसली तेव्हा कॅचर चेंडू वर धरून नाचत होता आणि टोळ पाठीवर पडलेली होती, तशीच, हललीसुद्धा नाही.

"आऊट!" अक्काचा आवाज घुमला. सामना संपला.

मग जे सुरू झालं! टोळच्या संघाचे पालक जाळीशी आले. कुणी अक्काचं वय काढलं, कुणी चष्मा. एक बाई ओरडली, "आजीबाई, घरी बसून लसूण सोला!" टोळच्या प्रशिक्षकाने पोरीला काखेत हात घालून मागे ओढत नेलं. चिटणिसांनी अक्काचा दंड धरला, आम्हा दोघींना खोलीत आणलं, म्हणाले, "बसा इथे, मी शेजारून आलोच." हँडल घेऊन ते गेले. दार धाडकन बंद.

पत्र्याखाली ती खोली म्हणजे भट्टी. रेघा आखायच्या चुन्याची पोती, फाटके बेस, ओला पोछा, टेकू दिलेली खुर्ची, आणि वर एक जाळीचं झरोकावजा भोक. चुना नाकात जायचा. मी चहा ओतला. अक्का पोत्यावर बसून बुटाची नाडी सोडत होती. सोडता सोडता थांबली.

"धाकटे, तुला काय दिसलं गं?"

"मला? धूळ."

"मलाही धूळच दिसली."

मी कप तसाच धरून राहिले. "मग आऊट का दिलंस?"

"काहीतरी द्यावंच लागतं. त्या पोराने चेंडू वर केला आणि तोंडातून निघून गेलं." तिने नाडी पुन्हा बांधायला घेतली. "कॅचर म्हणतो ती पाटाच्या अलीकडेच पडून थांबली, मग त्याने चेंडू लावला. पोर म्हणते पोचले. मी दोघांच्या मध्ये वाकून उभी, आणि मला काही माहीत नाही."

तेवढ्यात भोकाखालून, भिंतीच्या पलीकडून, नाक ओढल्याचा आवाज आला. मी खुर्ची सरकवून वर चढले. भिंतीला पाठ लावून टोळ बसली होती, एकटी, लांब पाय समोर पसरून. उजव्या बुटाचं टोक निळं होतं. चांगलं ओलं, चकचकीत निळं.

"अक्का," मी म्हटलं, "वर ये."

ती वर आली आणि तिने पाहिलं. रंग लावल्यानंतर त्या पाटावर दुसऱ्या कुणाचा पाय पडला नव्हता. बॅटर बाजूला उभा राहतो, कॅचर मागे बसतो. आणि कॅचरच्याच म्हणण्याप्रमाणे चेंडू लागला तेव्हा पोर पडलेली होती, तिथून ती पुढे सरकली नव्हती, उलट मागेच ओढली गेली. पाय लागला असेल तर तो चेंडूच्या आधीच. ती सेफ होती.

"चिटणीस!" अक्काने दार ठोकलं. "अहो, आटपा लवकर!"

शेजारी कुणीच नव्हतं. ते शेजारी गेलेच नव्हते. आम्ही दोघी दारावर मुठी आपटत राहिलो. बाहेर भोंग्यावर गाणी लागली होती. शेवटी दारापलीकडे चिटणिसांचा हळू आवाज आला.

"अक्का, जरा दम धरा. लोक तापलेत. तुमच्या भल्यासाठीच हँडल खिशात ठेवलंय."

"उघडा. माझा निर्णय चुकला. ती पोर सेफ होती."

चिटणीस म्हणाले, "असं बोलू नका हो."

"अंतिम सामन्याचा पहिला चेंडू पडेपर्यंत निर्णय बदलता येतो. नियम तुमचाच आहे."

"नियम आहे, पण तो वापरायचा नसतो! पाहुणे येऊन बसलेत. मैदानाला दिवे नाहीत, ऊन उतरत चाललंय. अर्धा सामना परत खेळवायचा म्हणजे अंतिम कधी? आणि आज तुम्ही बदललात तर उद्यापासून प्रत्येक आई मला प्रत्येक चेंडूचा जाब विचारेल. कोण येईल मग अंपायर व्हायला?"

"आत्ता तरी कोण येतंय?" अक्का म्हणाली.

"तुम्ही येता ना," ते म्हणाले, आणि त्यांची पावलं लांब गेली.

अक्काने दाराला कपाळ टेकवलं. पंचविशी उलटलेल्या पोराची आई ती, पण त्या घटकेला शाळेत कोंडलेल्या मुलीसारखी दिसली. "मी इथून सुटणारच नाही बघ," ती म्हणाली. ती खोलीबद्दल बोलत होती की कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. भोंग्यावरची गाणी थांबली. संघांची नावं पुकारली गेली.

मी पुन्हा वर चढले. चेंडू टाकणारा पिचर उंचवट्यावर उभा होता, जिंकलेल्या संघाचा तो, गोल तोंडाचा. पाटामागे अंपायर म्हणून 'बघतो'. पाहुणे खुर्चीत बसून पंख्याने वारा घेत होते.

"अक्का, तो टाकतोय!"

ती चुन्याच्या पोत्यावर चढली. पोतं फाटलं, चुना भसकन दोघींच्या अंगावर आला. मी तिला कमरेशी धरलं, तिने जाळीच्या भोकाला तोंड लावलं आणि गाडी सुटताना पुकारायची त्या आवाजात ओरडली.

"टाइम!"

मैदानावर खेळ थांबवायचा तो शब्द. हात मागे नेलेला पिचर तिथेच थिजला. बेसजवळ उभी असलेली पोरं थांबली, लांबचा क्षेत्ररक्षकसुद्धा. पाहुण्यांनी पंखा थांबवला.

"खेळा, खेळा!" चिटणीस धावत आले. "काही नाही, खेळा!"

"टाक रे!" पिचरचा प्रशिक्षक ओरडला.

पिचरने चेंडू ग्लोव्हमध्ये ठेवला. "टाइम आहे सर."

"कोणी दिला टाइम?"

"अक्कांनी. टाइममध्ये टाकायचा नसतो." मग त्याने 'बघतो'कडे पाहिलं. "हो ना, अंपायर?"

"बघतो," तो म्हणाला. इकडे तिकडे पाहून त्याने दोन्ही हात वर केले. त्याच्या उभ्या आयुष्यातला बहुधा तो पहिला निर्णय. "टाइम."

भिंतीखालची टोळ उठून उभी राहिली होती. मान वर करून ती आमच्या पांढऱ्या तोंडांकडे पाहत होती.

"पोरी, बूट पुसू नकोस," अक्का तिला म्हणाली. "तू सेफ होतीस."

"मला माहीत आहे," टोळ म्हणाली.

चिटणिसांनी दार उघडलं. अक्का डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने माखलेली, तशीच चालत पाटामागे गेली, दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणाली, "सेफ. चूक माझी." पिचरच्या प्रशिक्षकाने टोपी जमिनीवर आपटली. पिचर मात्र स्वतःच्या संघाला हाक मारत निमूट जाग्यावर गेला.

बरोबरी झाली. उपांत्य सामना पुन्हा सुरू झाला, लांबत गेला, लांबतच गेला. कुणी कुणाला हरवेना. मग अंधार पडला आणि चेंडू दिसेना. पाहुणे बक्षीस न देताच गाडीत बसून गेले.

आता मात्र सगळेच चिडले. टोळचे पालक म्हणाले, आधीच नीट पाहिलं असतं तर! दुसरे म्हणाले, दिलेला आऊट परत घेतात का कुठे! ज्यांचा अंतिम सामना झालाच नाही, त्या तिसऱ्या संघाला तर बोलायला सगळंच मोकळं. अक्काने चिटणिसांच्या हातातून हँडल काढून घेतलं, माझा हात धरला आणि आम्ही त्याच खोलीत शिरलो. दार धाडकन बंद झालं. या वेळी हँडल आत होतं.

बाहेर थापा पडत होत्या. पत्रा अजून तापलेलाच होता. सांडलेल्या चुन्यावर बसून अक्काने गार झालेला चहा प्यायला.

"झालं," ती म्हणाली. "संपलं. पुढच्या वर्षी काय, पुढच्या आठवड्यातही मी नाही. कुणीही येऊ दे."

"शपथ?"

"शपथ."

आज ते मैदान पाहिलंत तर ओळखणार नाही. दिवे आहेत, निर्णय पडद्यावर पुन्हा बघता येतो, अंपायरच्या खोलीत गादीची खुर्ची आहे, प्रत्येक दाराला आपापलं हँडल आहे. मी नातवाबरोबर गेले की आधी दार आतून उघडतं का ते बघते आणि मगच बसते. सगळे हसतात.

त्या रात्री मात्र दारावरच्या थापा हळूहळू कमी झाल्या. गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. मग दारावर एकच टिचकी पडली.

"अक्का," चिटणिसांचा आवाज आला, पार दमलेला. "पुढच्या रविवारी उरलेला सामना घ्यायचा ठरलाय. पोरंच मागे लागलीत, काय करू? आणि त्यांचं म्हणणं आहे की..." ते थांबले. "दुसरं कोण आहे हो, अक्का?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मांडीवरचं हँडल उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, परत ठेवलं. तिच्या भुवयांवरचा चुना तेवढा अंधारात दिसत होता.

"किती वाजता?" ती म्हणाली.