अर्धं ताट

सर्जनने सोमवारी सांगितलेली अट घड्याळजींच्या बायकोला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. शुक्रवारी सकाळी सातची साखर एकशे ऐंशीच्या आत आली, तर ऑपरेशन. अंगठा जाईल, पाऊल राहील. नाही आली, तर थांबायचं. "आणि थांबलो, तर कुठून कापावं लागेल ते आज सांगता येत नाही," असं म्हणून तो पुढच्या खाटेकडे वळला होता.

तिला ते माहीत होतं. तिच्या वडिलांचं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं, आणि शेवटी वडील. त्यांच्या जखमेचा वास तिच्या नाकात अजून होता. नवऱ्याचा काळा पडलेला अंगठा पहिल्यांदा दिसला, तेव्हा डोळ्यांच्या आधी नाकानेच तो ओळखला.

वॉर्डात तेव्हा एक अभ्यास चालू होता. इन्सुलिन देण्याच्या दोन पद्धतींतली कोणती बरी, ते पाहायचं होतं. एक तरुण डॉक्टर पेशंटची सही घेऊन बंद पाकीट फोडत असे आणि आत निघेल ती पद्धत त्या पेशंटला लागू होई. वॉर्डाने त्याचं नाव पाकीटवाला ठेवलं होतं. जुनी पद्धत अशी, की साखर मोजायची आणि वाढलेली दिसली तर त्या मानाने सुई द्यायची. नवी अशी, की दिवसाकाठी एक लांब पल्ल्याची सुई, आणि शिवाय प्रत्येक जेवणाआधी, त्या जेवणापुरती, एक छोटी. घड्याळजींच्या पाकिटात नवी निघाली, शेजारच्या खाटेवरच्या बस ड्रायव्हरच्या पाकिटात जुनी.

"वहिनी, लॉटरी लागली तुम्हाला," ड्रायव्हर म्हणाला. "माझी साखर बघा, काल दोनशे नव्वद, आज एकशे तीस, परत दोनशे साठ. घाटात ब्रेक फेल झाल्यासारखी पळते."

घड्याळजींची मात्र शिस्तीत उतरत होती. मंगळवारी दोनशे एकतीस, बुधवारी एकशे बहात्तर, गुरुवारी सकाळी एकशे चोवीस. पाकीटवाला कागदावर आकडा लिहिताना गालात हसला. "काका, तुम्ही आमच्या अभ्यासाचं नाव काढणार."

घड्याळजींच्या बायकोने मान खाली घातली. तिच्या मते यात पाकिटाचं श्रेय थोडं होतं. खरं श्रेय खाटेखालच्या पिशवीतल्या स्टीलच्या डब्याचं होतं.

घरी गेली चौदा वर्षं असंच चाललं होतं. ते जेवायला बसले, की ती त्यांच्या पुढ्यातलं अर्धं काढून घ्यायची. पहिल्या वर्षी त्यावरून भांडणं झाली, नंतर सवय झाली. इथेही तेच. सिस्टर ट्रे बघायची, सुई द्यायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. तिची पाठ वळली, की अर्धा भात, अर्धे बटाटे आणि पाव डब्यात. रिकामा ट्रे पाहून सिस्टर विचारायची, "काका, जेवलात ना सगळं?" घड्याळजी मनापासून म्हणायचे, "सगळं." समोर उरलं होतं तेवढं त्यांनी संपवलेलंच असायचं. सिस्टर कागदावर खूण करायची.

गुरुवारी दुपारी मात्र तिला धीर धरवेना. उद्या सकाळी सात. एकशे चोवीस चांगले, पण रात्रीतून चढले तर? त्या दुपारी तिने अर्ध्याहून जास्त काढलं. त्यांच्यासमोर चार घासांचा भात आणि थोडी भाजी राहिली.

"अगं, आज एकदम हात आखडता?"

"एकच दिवस, अहो. उद्या सुटलो आपण."

पावणेदोनच्या सुमाराला ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, भाऊंना घाम किती आलाय बघा. पंखा तर चालू आहे."

तिने वळून पाहिलं. घड्याळजींचा सदरा पाठीला चिकटला होता. उजव्या हाताची दोन बोटं हवेत काहीतरी बारीक फिरवत होती, दुकानात स्क्रू पिळताना फिरायची तशी.

"अहो, काय होतंय?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं. "बाई, उद्या या," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "आज स्प्रिंग बसत नाहीये."

"सिस्टर!" ही हाक तिची नव्हे, ड्रायव्हरची होती.

सिस्टरने बोट टोचलं. मशीनवर एक्केचाळीस आले. ग्लुकोजची जाड सिरिंज शिरेत रिकामी होत होती, घड्याळजींची मान एका बाजूला कलंडली होती आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जागचा हलत नव्हता. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडून विचारलं, "तू रडतेस कशाला?"

तिच्या जिवात जीव आला, पण तो टिकला नाही. खाटेच्या पायथ्याशी पाकीटवाला कागद चाळत होता.

"डोस कालचाच. जेवण पूर्ण, खूण आहे. मग एक्केचाळीस कसे?" तो सिस्टरला म्हणाला. "इन्सुलिन अंगात साठत असणार. किडनी आधी तपासायला हवी. उद्याचं ऑपरेशन पुढे ढकला. सर्जनना मी कळवतो. आणि आपल्या अभ्यासाच्या नोंदीत नव्या पद्धतीखाली लिहा, साखर धोक्याइतकी उतरली."

पुढे ढकला. तिच्या नाकात तो वास भरला.

गप्प बसणं सोपं होतं. डबा जिन्याखालच्या बादलीत रिकामा केला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. बोलली, तर सगळा वॉर्ड म्हणणार, बायकोनेच नवऱ्याला मारायला घेतलं होतं. आणि ते स्वतः काय म्हणतील? पाकीटवाला दारापर्यंत पोचला.

"डॉक्टर, किडनी नाही," ती म्हणाली. "मी."

तिने वाकून पिशवी ओढली आणि डब्याचं झाकण काढलं. गार झालेला भात, बटाटे, पाव.

"कधीपासून?" सिस्टरने विचारलं.

"मंगळवारपासून. रोज अर्धं. आज जास्त."

"अहो, पण मी रोज विचारत होते ना!"

"त्यांच्या लेखी तेवढंच सगळं असतं, सिस्टर. चौदा वर्षं."

ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाकीटवाला डब्याकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "शेजारच्या काकांचं ताट तुम्ही काढलं असतंत, तरी आम्ही आधी आकडा बघूनच सुई दिली असती," तो म्हणाला. "इथे सुई ताट बघून दिली. ताट तुम्ही नंतर कमी केलंत. आणखी अर्धा तास कुणाचं लक्ष गेलं नसतं तर..." त्याने कागदावरची ‘जेवण पूर्ण’ ही ओळ खोडली आणि ‘जेवण अर्ध्याहून कमी’ अशी नवी लिहिली. सकाळच्या रक्तातून किडनी तपासून घेतो, म्हणाला. संध्याकाळी निरोप आला, की ती ठीक आहे. ऑपरेशन शुक्रवारीच, सातचा आकडा आत आला तर.

रात्रीचा ट्रे आला तेव्हा साखर दोनशे बारा होती. तिने तो आकडा दोनदा विचारून घेतला.

"ग्लुकोजमुळे आहे. घाबरू नका," सिस्टर म्हणाली आणि स्टूल ओढून खाटेजवळच बसली. "आता यांनी आधी जेवायचं. किती जेवले ते मी बघणार, मग सुई."

घड्याळजी जेवू लागले. अर्धा भात संपला तेव्हा ते आपोआप थांबले आणि त्यांनी ट्रे तिच्याकडे सरकवला.

तिचा हात पुढे गेला. त्या हाताला कुठे जायचं ते चांगलं ठाऊक होतं. तिने तो मधेच थांबवला आणि ट्रे परत त्यांच्यापुढे लोटला.

"हेही?" त्यांनी विचारलं.

"हेही," ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. सकाळचे सात वाजायला अजून अकरा तास होते.