वाखाचं दार

शाकिरने लाकडी पाचरीवर घाव घातला आणि दार साच्यातून सुटलं. एक कोपरा मात्र साच्यालाच चिकटून राहिला. त्याने दार भिंतीला टेकवून कडेला दोरी ताणून पाहिली. मधोमध बाक आला होता.

"वाकलं," गोकुळ म्हणाला. "पुन्हा."

वडनेर भोलजीला रस्त्याच्या कडेला दोघांचं वर्कशॉप होतं. बाथरूमची पांढरी फायबरची दारं तिथे बनत. काचेच्या धाग्याची चटई साच्यात अंथरायची, वर रेझिनचं चिकट रसायन लावायचं. हात आपोआप चालत. महिन्यापूर्वी शाकिरने काच बंद करून अंबाडीचा वाख धरला. दोर वळतात तोच. पण वाख ओल धरून बसे, रेझिन अधाशासारखं पिई, आणि सुकलेलं दार मनाला येईल तसं वळे. त्याने वाख उन्हात घातला, विंचरला, वजनाखाली दाबला. काही उपयोग झाला नाही.

दुपारी शेखर आला. नांदुऱ्यात एका वसतिगृहाचं बांधकाम त्याच्याकडे होतं आणि सगळी दारं तो इथूनच घेणार होता. त्याने एक डोळा मिटून दाराची कड पाहिली.

"शाकिरभाई, हे चौकटीत बसन का?"

"एक आठवडा द्या."

"मांगच्या बारीनं बी हेच म्हटलं होतं तुमी. मले दारं पायजेत. काचेची देत असान तं सांगा, नाई तं अकोल्याहून आणतो."

शाकिरच्या आधी गोकुळ बोलला, "काचेचीच देतो."

शेखरची गाडी गेल्यावर गोकुळ वळला.

"काऊन बे, काय पायजे तुले नेमकं? रेझिन तं तेच लागून राह्यलं. अर्धवट करून काय होते?"

शाकिरने मागचं फाटक उघडलं. काचेच्या चटईची कातरणं आणि फुटक्या दारांचे तुकडे कुंपणापर्यंत साचले होते. कुंपणापलीकडे रुखमाबाईचं कपाशीचं वावर होतं.

"हे सडत नाई. वारं सुटलं का त्या बाईच्या वावरात जाते. वाखाचं कातरण उकिरड्यात टाकलं तं त्याची माती होते."

"मंग उकिरडाच चालव."

शाकिरने दाराला लाथ घातली. दार फुटलं नाही. त्याचाच अंगठा ठेचला.

"सकाळी चटईची गाडी बोलावतो," गोकुळ म्हणाला.

"बोलाव."

तरी संध्याकाळपर्यंत शाकिर तेच दार घासत बसला. घरी लंगडत आला तेव्हा शर्टावर तपकिरी भुकटी होती. आंघोळीआधी त्याला कुणी शिवायचं नाही, असा घरचा नियम होता. मुलगी मलिहा तान्ही असताना त्याच्या सदऱ्यातल्या काचेच्या कणांनी तिचा गाल लालभडक झाला होता, तेव्हापासूनचा. काच बंद झाली तरी नियम कुणी मोडला नव्हता.

आज तो सरळ पायरीवर बसला आणि अंगठा पाहू लागला. मागून मलिहा गळ्यात पडली.

"हट, आंघोळ व्हायची हाय," तो ओरडला. पण तिने गाल त्याच्या खांद्यावर टेकवला होता.

तो तसाच ताठ बसून राहिला. आता खाजवेल, आता रडेल. ती वाकून अंगठ्याकडे पाहत होती.

"अब्बा, कोनं मारलं?"

"दारानं."

त्याचे कपडे वेगळे धुवायची बादली घेऊन त्याची बायको बिलकिस बाहेर आली. दोघांना पाहून थबकली, जवळ येऊन तिने मुलीचा गाल निरखला, त्यावरून बोट फिरवलं. गाल लाल झाला नव्हता. मग बादली घेऊन आत गेली.

शाकिरने खिशातून फोन काढला.

"गोकुळ, गाडी नको बोलावू."

"आन् दारं?"

"वाकतीन," शाकिर म्हणाला. "अजून दोन-चार वाकतीन."

पलीकडे गोकुळचा आवाज चढत गेला. शाकिरने फोन कानापासून जरा दूर धरला. मलिहाला झोप येत होती.