सहावा टिपका

"थांबा, थांबा! पुढे नका घेऊ, ओठ घासेल!"

टिपकेकाका ओरडेपर्यंत गाडीच्या बंपरखालचा प्लॅस्टिकचा ओठ रॅम्पच्या कडेला टेकलाच होता. गाडी इतकी खाली बसवलेली, की तिच्याखालून मांजर गेलं असतं तर पोट आत ओढूनच गेलं असतं. मालक दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दातांच्या ओळी सरळ करायच्या आणि स्वतःच्या गाडीची चाकं हौसेनं वाकडी करून आणायची, अशीही माणसं असतात.

आखूड स्प्रिंगा कुणीतरी भलत्यानंच बसवल्या होत्या. गाडी खाली आली आणि पुढची चाकं वरून आत झुकली. जुने टायर आतल्या कडेनं झिजून तारा दिसायला लागल्या, तेव्हा डॉक्टर जागे झाले. नवे टायर गॅरेजातल्या पैलवानानं कालच चढवले होते. आज चाकं मापात बसवायची होती. ते काम काकांचं.

"मशीनवर नाही का होणार, काका?"

"मशीनला कंपनीतून निघालेली गाडी माहीत. ही तुमची गाडी. मशीन नुसतं लाल आकडे दाखवत बसेल आणि आपण दोघं ते बघत बसू."

काकांनी फळ्या टाकून गाडी अलगद वर घेतली, चार कोपऱ्यांना स्टँड उभे केले आणि चाकांची रेघ धरायला दोन्ही अंगांनी दोरी ताणली. मग विचारलं, "गाडीत बसणार कोण कोण?"

"मी, बायको, मागे सासूबाई. आजच घाटातून वर जायचंय."

"सासूबाईंचं वजन?"

"ते मी विचारायचं? काका, माझा संसार अजून चालू आहे."

"अंदाजानं सांगा हो. अशा गाडीत माणूस बसला की चाक आणखी कलतं. रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं?"

डॉक्टरांनी आवाज खाली घेतला. "भारदस्त आहेत."

काकांनी डॉक्टरांना त्यांच्या जागी बसवलं, शेजारी वाळूची पोती ठेवली आणि सासूबाई म्हणून मागे पैलवानाला बसवलं. पैलवान हा गॅरेजचा टायरवाला, चाळिशी ओलांडलेला, अंगापिंडानं नावाला जागणारा. तो आत बसल्याबरोबर गाडी कण्हली. "जावईबापू, एसी लावा," असं म्हणून त्यानं हात डोक्यामागे घेतले.

या गॅरेजात एक नियम होता. एकानं आवळलेला नट दुसऱ्यानं पाना लावून ओढून बघायचा, मगच गाडी बाहेर. नियम मालकीणबाईंनी घातलेला आणि सगळ्यांना लागू, फक्त काकांना नाही. काका नट आवळत, रंगाच्या डबीत डावी करंगळी बुडवत आणि नटावर पिवळा टिपका ठेवत. वाटाण्याएवढा, गोल, ना ओघळ ना फराटा. तो टिपका म्हणजे काकांची सही. त्यावर पाना लावायची गेल्या बत्तीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. करंगळीचं नख तेव्हापासून पिवळं पडलं ते पडलंच. घरी बायको म्हणायची, "जेवताना तरी तो हात मांडीवर ठेवत जा, पाहुण्यांना वाटतं कावीळ झालीय."

पुढच्या दोन चाकांचं माप धरून ठेवणारे मिळून सहा नट होते. काका सरपटत गाडीखाली गेले. इतक्या बुटक्या गाडीखाली छातीवर लोखंड घेऊनच काम करावं लागतं. श्वास घ्यायचा तोही मापून. डावीकडचे तीन झाले. उजवीकडचे दोन झाले. सहाव्यावर पाना चढवला आणि डॉक्टरांचा फोन वाजला.

"बायको आहे. किती वेळ विचारतेय. तुम्हीच सांगा, माझ्यावर विश्वास नाही तिचा." डॉक्टरांनी बसल्या जागेवरून दारातून वाकून फोन काकांच्या कानाला लावला.

"पाचच मिनिटं, ताई. नाही नाही, खरंच पाच."

गाडी सहाव्या मिनिटाला गेली. डॉक्टरांनी स्टिअरिंगवरचे हात सोडून दाखवले, गाडी सुतासारखी सरळ गेली. पैलवानानं हात हलवून सासूबाईंचा आशीर्वाद दिला.

काकांनी दोरी गुंडाळली, स्टँड भिंतीला लावले. रंगाच्या डबीचं झाकण फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला.

फोन आला. आपण बोललो. ताईंचा आवाज आठवतोय, "नक्की ना?" असं त्या म्हणाल्या तेही आठवतंय. मग आपण गाडीखालून बाहेर आलो. मधलं काय?

त्यांनी करंगळी बघितली. पिवळी होती. पण ती बत्तीस वर्षं पिवळीच होती. तिची साक्ष कुठल्या कोर्टात चालणार?

सहावा नट उजव्या चाकाला उभं धरणारा. तो सैल असेल तर गावात काही कळायचं नाही. घाटातल्या वळणावर सगळा भार त्या चाकावर आला, की चाक एकाएकी कलणार आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होणार.

काकांनी डॉक्टरांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन न घेणारा माणूस जगात एखादाच, तो नेमका आज आपल्या वाट्याला यावा!

"काका, चहा?" पैलवान म्हणाला.

काका सरळ मालकीणबाईंच्या टेबलापाशी गेले. तंबाखू आणायला जातो म्हणून निसटता आलं असतं. मागच्या महिन्यात एका टॅक्सीचं काम त्यांनी सकाळी केलं होतं आणि दुपारी ते विसरून त्याच टॅक्सीचे नट पुन्हा आवळायला घेतले होते. टॅक्सीवाला हसत सुटला, काकाही हसले, आणि गोष्ट तिथंच मिटली. मिटली असं काकांनी ठरवलं होतं.

"बाई, तुमची स्कूटर द्या. डॉक्टरांच्या गाडीचा एक नट आवळल्याचं आठवत नाही."

मालकीणबाईंनी चष्मा वर केला. "कुणाला आठवत नाही?"

"मला."

त्यांनी ड्रॉवर उघडला. किल्ली पुढे सरकवली. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

घाटाकडे दोन रस्ते. शाळेवरून जाणारा जवळचा, पण त्यावर नऊ गतिरोधक. डॉक्टर मघाशी आपल्या गाडीचं दुःख सांगताना म्हणालेच होते, "शाळेचा रस्ता मी सोडलाय काका, प्रत्येक उंचवट्यावर पोट घासतं." म्हणजे ते घरी जाऊन बायकोला घेणार, तलावाला वळसा घालणार आणि घाटाच्या तोंडाशी पंपावर निघणार. काका शाळेच्या रस्त्याला लागले. नऊच्या नऊ गतिरोधकांवर स्कूटर उडाली. खिशातला पाना बरगडीवर आपटत होता, आणि दर आपटीला एकच प्रश्न: आवळला, की नुसता चढवला?

पंपावर गाडी नव्हती.

काकांनी पंपावरच्या माणसाला विचारलं, "एक निळी गाडी गेली का? जमिनीला चिकटलेली?"

"तशी गाडी विसरेन का मी? नाही गेली."

काका रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक ट्रक गेला, एक बस गेली. घाटाचं पहिलं वळण इथून दिसत होतं. कठड्याचा पांढरा रंग एका जागी खरवडलेला होता. ते तिकडे बघेनात. अकरा मिनिटं झाली, आणि तलावाच्या बाजूनं निळं टप गवतातून सरकत यावं तसं आलं.

काका दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"अहो काका! तुम्ही इथं कसे?" डॉक्टर.

"गाडी पंपावर घ्या. हळू. एक नट बघायचाय."

शेजारच्या ताईंनी नवऱ्याकडे बघितलं. "सैल आहे का?"

"माहीत नाही, ताई."

"माहीत नाही म्हणजे?"

काका आडवे झाले होते. "स्टिअरिंग पूर्ण वळवा, डॉक्टर. अजून. बास." उजव्या चाकामागच्या फटीत त्यांनी डोकं घातलं, मोबाइलचा उजेड पाडला.

टिपका होता. वाटाण्याएवढा, गोल. बोट लावलं तर अजून चिकट लागत होता.

काकांनी तरीही पाना चढवला आणि सगळं अंग घालून ओढला. नट केसभरही हलला नाही. मग बाकीचे पाच. पाचही दगड.

ते उठून बसले. शर्ट पाठीला चिकटला होता. डॉक्टर मोठ्यानं हसले. "सहाही टाइट! काका, तुम्ही तर घाबरवलंत. एवढी काळजी कोण करतं हो हल्ली?"

"घट्ट होता तर आलात कशाला?" ताईंनी विचारलं.

"आवळल्याचं आठवेना."

मागची काच खाली झाली. सासूबाई पैलवानाच्या एका मांडीएवढ्या असतील. डॉक्टर म्हणाले तो भारदस्तपणा आवाजात होता. "मीसुद्धा गॅस बंद केला का ते तीनतीनदा उठून बघते," त्या म्हणाल्या. "बंदच असतो." आणि बाकीचे हसायचे थांबले तरी त्या काकांकडे बघत राहिल्या.

"पुढच्या आठवड्यात गाडी आणा, डॉक्टर," काका पाना पुसत म्हणाले. "आजींच्या मापानं परत लावून देतो. वजन चुकीचं सांगितलंत."

गाडी घाट चढू लागली. पहिल्या वळणावर उजवं चाक भार घेऊन जिथल्या तिथं राहिलं. काका ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. काम चोख होतं. ते कुणी केलं, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

गॅरेजात त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मालकीणबाईंनी नुसतं मान वर करून बघितलं.

"घट्ट होता," काका म्हणाले.

"मग झालं तर."

"नाही झालं." त्यांनी रंगाची डबी उचलली आणि पैलवानापुढे धरली. "उद्यापासून मी आवळणार, तू ओढून बघायचं. टिपका तू लावायचा."

पैलवान हसला. मग त्याला कळलं की काका हसत नाहीयेत. "तुमच्या नटावर मी पाना लावू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना वर जायचंय घाट चढून. लाव."

मालकीणबाई मध्ये पडतील असं पैलवानाला वाटलं. त्यांनी समोरचा कागद उलटून ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी पैलवानानं काकांच्या नटावर पहिला टिपका ठेवला. लाडवाएवढा पडला, वर ओघळलाही. काकांनी तो बराच वेळ बघितला. "रंग फुकट आहे का रे?" एवढंच म्हणाले.

चार महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी काका पेपर पसरून नखं कापायला बसले. डाव्या करंगळीशी येऊन ते थांबले, म्हणून बायकोनं नेलकटर घेतला. पिवळा रंग सरकत सरकत करंगळीच्या टोकाशी आला होता. तिनं कट् केलं. पिवळी कोर पेपरवर पडली.

"गेली एकदाची कावीळ!" ती म्हणाली.

काकांनी पेपरची घडी घातली. मग ती पुन्हा उघडून, कोर आत आहे ना, ते बघितलं.