मरळ गिळेपर्यंत थांबायचं

मित्रांनो, आमच्या घराच्या ओसरीत या. डाव्या भिंतीला दोन खिळ्यांवर एक लांब, काळपट काठी आडवी ठेवलेली दिसेल. तिच्या शेंड्याजवळ दोऱ्याची जाडसर गुंडाळी आहे. ती काठी म्हणजे मी. मासे धरणाऱ्या गळाची मी एक जुनी बांबूची काठी आहे.

माझा जन्म यवतमाळच्या जंगलातला. उकंडा बुरूड यांनी मला बांबूच्या बेटातून निवडून काढलं, कारण मी आतून भरीव होते. त्यांनी मला निखाऱ्यांवर शेकलं, गुडघ्यावर दाबून सरळ केलं, जवसाचं तेल चोळलं आणि चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलं. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते बळीरामभाऊ आठवड्यातून दोनदा दारात हजर व्हायचे.

"झाली काय माही काठी?"

"सुकू दे ना गड्या," उकंडा म्हणायचे. "ओली देली त पह्यल्याच मासोळीले मोडन."

बळीरामभाऊ लोहारा गावच्या एका कारखान्यात फिटर होते. हात सोन्याचा, पण स्वभाव उतावळा. सुटीच्या दिवशी मला सायकलच्या दांडीला बांधून ते गावाबाहेरच्या तलावावर न्यायचे. छोटे मासे आम्ही पुष्कळ धरले. त्यांची बायको मैनाबाई दारातच पिशवी उघडून पाहायची आणि म्हणायची, "काठी लकी हाये बरं तुमची!" मी मनातून फुलून जायचे.

पुढे मैनाबाई आजारी पडून गेली. मुलगा रजत वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला. बळीरामभाऊ निवृत्त झाले. घर रिकामं वाटू लागलं, तसे ते रोजच तलावावर येऊ लागले. आणि तिथेच त्यांनी ती मोठी मरळ पाहिली.

मित्रांनो, मरळ हा शिकारी मासा. डोकं सापासारखं, पाठ काळी. अधूनमधून ती हवा घ्यायला वर येते. ही मरळ कमळाच्या पानांमध्ये वर आली की पाणी दचकल्यासारखं हलायचं. बळीरामभाऊंना दुसरं काही सुचेना. गळाला लहान बेडूक लावून ते बसायचे. दोऱ्याला झटका बसला रे बसला की मला जोरात मागे खेचायचे. बेडूक निम्मा परत यायचा, मरळ निघून जायची. दोष मात्र माझ्यावर यायचा. "काठीच नरम हाये," असं ते सगळ्यांना सांगायचे. मला फार वाईट वाटायचं.

अशात रजतचं लग्न झालं आणि अर्पिता सून म्हणून घरी आली. ती भंडाऱ्याकडची, तलावांच्या मुलखातली. रजत ट्रकवर जायचा तो कधी चार दिवसांनी, कधी आठवड्याने यायचा. घरात उरायचे सासरे आणि सून. ती ताट वाढायची, ते जेवायचे. "वाढू काय?" "नाही, झालं." एवढंच बोलणं. एकदा दुपारी ती माझ्याजवळच उभी राहून आईशी फोनवर बोलत होती. "इथं बोलाले कोनीच नाही व आई. दिवाळीले आली की महिनाभर राहीन मी. वापस जा म्हणू नको." तिने डोळे पुसले. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते, पण काठीला काय बोलता येतं?

एक दिवस बळीरामभाऊ चिडून घरी आले. मला कोपऱ्यात आदळत म्हणाले, "पुन्हा सुटली!"

स्वयंपाकघराच्या दारातून हळूच आवाज आला. "मामाजी, तुमी लवकर वढता."

"काय म्हनलं?"

"मरळ आधी बेडूक नुसता तोंडात धरते. मंग जागा बदलते. मंग गिळते. गिळेपर्यंत थांबा लागते. माहे बाबा तसंच करतात."

"तुह्या बाबाच्या तलावात करत असन," बळीरामभाऊ म्हणाले आणि न जेवताच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी रागारागात त्यांनी पहिल्याच झटक्याला मला असं खेचलं की माझ्या शेंड्याजवळ उभा तडा गेला. कट् असा आवाज मी स्वतःच ऐकला. घरी येऊन त्यांनी मला गोठ्याच्या छपरावर फेकून दिलं. पावसाळाभर मी तिथे भिजत पडले. अंगावर बुरशी आली, मुंग्या चढल्या. शेजारच्या बसंतीबाई म्हणाल्या, "चुलीत घाल व ते, पानी तरी तापन." मला वाटलं, संपलं आता.

पण अर्पिताने मला खाली काढलं, बोटाने तडा चाचपला आणि ओसरीत बसून कामाला लागली. तिने मला पुसून वाळवलं, तड्यावर जाड दोरा घट्ट गुंडाळला, त्यावर लाख वितळवून लावली आणि शेवटी तेल चोळलं. बळीरामभाऊ येताजाता पाहत होते. शेवटी राहवलं नाही.

"कायले मेहनत करतं बाई? तुटली ते."

"तुटली नाही मामाजी. चिरली हाये नुसती."

ते माठाकडे वळले. मग माठातलं पाणी घेता घेता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या येतं काय तलावावर?"

ती आली. काठावर धुणं धुणाऱ्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. अर्पिताचे कान लाल झाले, पण ती पदर खोचून सासऱ्यांपासून थोडी दूर बसली.

त्या दिवशी पाण्यावर लालसर ठिपक्यांचा एक पुंजका थरथरताना दिसला आणि त्याच्याखाली ती काळी पाठ. बळीरामभाऊंनी मला उचललं. तेवढ्यात अर्पिताने पुढे होऊन मला घट्ट धरलं.

"पिल्लं हायेत तिचे, मामाजी. आता ते राखनीले हाये, कशावरही धावन. आता नोका टाकू."

इतक्या दिवसांची वाट, आणि मरळ समोर! माझ्या मुठीवर त्यांची पकड आवळलेली मला जाणवत होती. मग ती हळूहळू सैल झाली. त्यांनी दोरा गुंडाळला आणि म्हणाले, "चाल मंग. भाकर आनली काय तू?" त्या दिवशी दोघांनी प्रथमच एकत्र बसून भाकरी खाल्ली.

दिवाळीला अर्पिता माहेरी गेली. घर पुन्हा गप्प झालं. दुसऱ्याच आठवड्यात बळीरामभाऊंचा फोन वाजला. सुनेचा फोन त्यांना पहिल्यांदाच आला होता.

"मामाजी, पानी किती उतरलं?"

बळीरामभाऊ ओसरीत फेऱ्या मारत सांगत राहिले. पाणी कुठवर आलं, कमळं कशी सुकली, मरळ कोणत्या बाजूला दिसते. सांगून संपेचना. महिना भरायच्या कितीतरी आधी अर्पिता पिशवी घेऊन दारात उभी होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी, दोऱ्याला झटका बसला. बळीरामभाऊंचं मनगट ताठ झालं.

"थांबा," अर्पिता म्हणाली.

दोरा बाजूला सरकला.

"थांबा, मामाजी."

दोरा थांबला. त्यांनी मला तसंच धरून ठेवलं. मग दोरा पुन्हा निघाला, सावकाश, जड.

"आता!"

त्यांनी मला उचललं आणि मी पाण्यापर्यंत वाकले. तड्यावरची लाख करकरली. मरळ सुकल्या कमळांच्या दिशेने घुसली.

"वढू नोका! तिच्यासंगं चाला!"

दोघं काठाने चालत राहिले. मरळ जाईल तिकडे जायचं, ती थकली की थोडं जवळ घ्यायचं. बळीरामभाऊंचा खांदा भरून आला तेव्हा त्यांनी मला सुनेच्या हाती दिलं आणि स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरले. अर्पिताने दोरा ना ताणला, ना ढिला सोडला. मी प्राण एकवटून वाकलेली होते. अखेर मरळ काठाकडे आली आणि बळीरामभाऊंनी तिला दोन्ही हातांनी कवटाळून चिखलासकट बाहेर आणलं. अर्पिताच्या आख्ख्या हाताएवढी होती ती!

"बाप्पा! केवढी हाये व ते!" असं म्हणत ते चिखलातच बसून हसू लागले. धुणं सोडून बायाही धावत आल्या. बळीरामभाऊ त्यांना म्हणाले, "मी त वढलीच असती. ह्या पोरीनं थांबवलं."

रजत वणीहून आला, तेव्हा दोघं एकाच वेळी त्याला हकीकत सांगत होते. तो बिचारा रस्सा भुरकत कधी बापाकडे तर कधी बायकोकडे पाहत होता.

मित्रांनो, माझं एक ऐकाल? वस्तू वापरून झाली की पुसून जागेवर ठेवा. तडा गेला तर फेकण्याआधी एकदा बांधून पाहा. बहुतेक वेळा ती आणखी पुष्कळ दिवस साथ देते.

आता मला उठायला हवं. सकाळ झाली आहे. अर्पिताचा चहा अजून व्हायचा आहे. बळीरामभाऊ सायकल धरून केव्हाचे अंगणात उभे आहेत, पण त्यांनी घंटी वाजवलेली नाही.